जुन्या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड पुन्हा मापात आणताना

इंजिन उघडलं की सगळ्यांचं लक्ष क्रँक आणि सिलिंडरकडे जातं. क्रँक ग्राइंडिंगला जातो, ब्लॉक बोअर होतो, पिस्टन आणि रिंगा नव्या येतात. पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड मात्र केरोसिनने धुऊन, बेअरिंगचे नवे शेल घालून तसेच परत चढवले जातात. पोलादाचा दांडा, त्याला काय होतंय, असा हिशेब. पण बेअरिंगचा शेल म्हणजे वाकवलेला पातळ पत्राच, तो ज्या भोकात बसतो त्याचाच आकार घेतो. भोक लंबगोल असेल तर कोरा शेलही लंबगोल होतो. मग क्रँक कितीही काटेकोर घासून आणलेला असला, तरी तेलाचा थर एकीकडे जाड आणि दुसरीकडे जवळजवळ नाहीच, अशी गत होते.

भोक लंबगोल का होतं? पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलटा फिरतो तेव्हा रॉड ताणला जातो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर वरून गॅसचा दाबही नसतो आणि सगळा ओढा कॅप (रॉडच्या खालच्या भोकाचा सुटा अर्धा भाग) आणि तिच्या दोन बोल्टांवर येतो. ८९ मिमी स्ट्रोक आणि १६५ मिमी लांबीचे रॉड असलेलं इंजिन ५,५०० आरपीएमला फिरत असेल, तर त्या टोकाला पिस्टनचं त्वरण गुरुत्वाच्या सुमारे १,९०० पट भरतं. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून ६०० ग्रॅम धरले तरी ओढा एक टनाच्या वर जातो. तोही वेगाच्या वर्गाने वाढतो: ४,००० वरून ५,५०० ला गेलात की जवळजवळ दुप्पट. वर्षानुवर्षं हे सोसून बिग एंडचं, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या मोठ्या टोकाचं, भोक रॉडच्या लांबीच्या दिशेने वाढतं आणि कॅपच्या सांध्यापाशी, आडव्या दिशेने, आत चिमटतं. शेलची सांध्याजवळची कड मग जर्नलवरचं (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावरचं) तेल खरवडून काढते.

रॉडवरची कामं बरीच आहेत, पण त्यांची गुरुकिल्ली एकच: क्रम. ज्या कामाने बिग एंडचं भोक जराही हलू शकतं, ते शेवटच्या होनिंगच्या (दगडांनी भोक घासून नेमक्या मापाला आणण्याच्या) आधी झालं पाहिजे. नंबर ठोकणं, बोल्ट बदलणं, वाकलेला रॉड सरळ करणं, शॉट पीनिंग, हे सगळं त्यात आलं. होनिंग झाल्यावर यातलं काही सुचलं, तर होनिंगचे पैसे पाण्यात.

सोडवण्याआधी

प्रत्येक रॉड आणि त्याची कॅप मिळून एकच भाग आहे, दोन नव्हेत. जोडी बांधून, बोल्ट कसून मगच कारखान्यात ते भोक पाडलेलं असतं. दुसऱ्याची कॅप बसली तरी भोक गोल राहत नाही. म्हणून बोल्ट ढिले करायच्या आधी रॉडवर आणि कॅपवर सिलिंडरचा नंबर आहे का, आणि तो कॅमशाफ्टच्या बाजूला आहे की पलीकडे, हे लिहून ठेवा. फोटो काढलेला बरा. काही इंजिनांत बिग एंड रॉडच्या मध्यरेषेपासून एका बाजूला सरकवलेला असतो. असा रॉड उलटा बसला तर पिस्टन सिलिंडरमध्ये तिरपा घासतो.

नंबर नसेल तर सांध्याजवळच्या सपाट जागी, कॅप पूर्ण कसलेली असताना, इलेक्ट्रिक एचिंग पेनने टाका. रॉडच्या दांड्यावर नंबर-पंचाने ठोकू नका, तिथे मारलेला पंच म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. सेंटर पंचाचे ठिपके सांध्याजवळ चालतील, पण तेही होनिंगच्या आधी.

कॅप निघत नसेल तर सांध्यात पेचकस घालून उचकटू नका. नट बोल्टाच्या टोकापर्यंत परत फिरवा आणि त्यावर प्लॅस्टिकच्या हातोडीने हलके ठोका. बोल्टांच्या टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवूनच रॉड वर ढकला, नाहीतर नव्याने घासायची गरज नसलेला जर्नल त्याच दिवशी ओरखडला जातो.

जुने शेल फेकू नका, आधी वाचा

शेल त्यांच्या रॉडच्या नंबरासह ओळीने मांडा. इंजिनात काय चाललं होतं ते इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. वरच्या शेलची एक कड आणि खालच्या शेलची विरुद्ध कड घासलेली असेल तर रॉड वाकलेला आहे. त्याच रॉडच्या पिस्टनवर स्कर्टच्या खालच्या भागात एका बाजूला आणि रिंगांच्या वर विरुद्ध बाजूला चकाकी दिसली की शंका उरत नाही. सांध्याजवळच्या दोन्ही कडा चमकत असतील तर भोक चिमटलेलं आहे किंवा कॅप आडवी सरकून बसली होती. शेलच्या पाठीवर काळपट चकचकीत पट्टे असतील तर तो भोकात हलत होता, म्हणजे भोक मोठं झालं आहे किंवा कोणीतरी पूर्वी कॅपची तोंडं कानशीने घासलेली आहेत. मध्ये एकाच ठिकाणी गोल डाग असेल तर शेल बसवताना मागे कचरा राहिला होता.

धुणं आणि तडे शोधणं

गरम कॉस्टिकच्या टाकीत रॉड स्वच्छ निघतात, पण स्मॉल एंडला (पिस्टनकडच्या लहान टोकाला) ब्रॉन्झची बुश असेल आणि ती ठेवायची असेल, किंवा बेअरिंग व्हाईट मेटलचं (कथिलाच्या मिश्रधातूचं) ओतलेलं असेल, तर त्या टाकीपासून लांब राहा. अ‍ॅल्युमिनियमचा रॉड तर कॉस्टिकमध्ये अक्षरशः विरघळतो. तिथे साधं डिग्रीसर आणि नायलॉनचा ब्रश पुरे. काही रॉडमध्ये बिग एंडच्या खांद्यातून एक बारीक भोक सिलिंडरच्या भिंतीवर तेल उडवतं. त्यातून तार फिरवा आणि हवा मारा. दांड्यातून स्मॉल एंडपर्यंत तेलाची नळी असेल तर तीही. जुन्या तेलाचा डांबरासारखा गोळा तिथे हमखास सापडतो.

पोलादी रॉडसाठी तडे शोधण्याची खरी पद्धत म्हणजे चुंबकी चूर्ण तपासणी. रॉड चुंबकित करून त्यावर फ्लुरोसंट चूर्णाचा द्रव सोडतात आणि काळ्या दिव्याखाली पाहतात. तड्यापाशी चूर्ण रेघेसारखं गोळा होतं. चुंबकन दोन्ही दिशांनी झालं पाहिजे, कारण चुंबकी रेषांना समांतर असलेला तडा दिसत नाही. बोल्टाच्या डोक्याची बैठक आणि तिथला कोपरा, बिग एंडचा खांदा, दांडा स्मॉल एंडला मिळतो ती जागा आणि तेलाच्या भोकाची कड, या चार जागांवर डोळे जास्त वेळ ठेवा. फोर्जिंगच्या वेळची रेघ दांड्याच्या कडेने जाते, ती तडा नव्हे. तपासणी झाल्यावर रॉडचं चुंबकत्व काढून घ्या, नाहीतर तो पुढे लोखंडाची कीस गोळा करत बसेल.

तडा सापडला तर रॉड बाद. वेल्डिंग नाही, घासून बघणं नाही. गंजाने पडलेले खड्डे दांड्यावर असतील तर ते घासून पूर्ण निघतात का ते पाहा. तळ दिसत नसलेला खड्डा तड्याइतकाच वाईट.

बाक आणि पीळ

कॅप शेलशिवाय पूर्ण टॉर्कला कसा. बिग एंडमध्ये नेमका बसणारा मँड्रेल (गोल दांडा) घाला, स्मॉल एंडमध्ये गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) किंवा तिच्या मापाचा लांब दांडा. मँड्रेल सरफेस प्लेटवर दोन व्ही-ब्लॉकवर ठेवा. रॉड उभा धरून वरच्या दांड्याच्या दोन टोकांची उंची डायल गेजने मोजा: फरक म्हणजे बाक. मग रॉड आडवा टेकवून तेच माप घ्या: फरक म्हणजे पीळ. मोजणीची दोन टोकं १०० मिमी अंतरावर धरली तर ०.०५ मिमीपर्यंतचा बाक बहुतेक इंजिनांत चालतो. पिळासाठी काही मॅन्युअल थोडी जास्त सूट देतात, पण मनाने वाढवू नका.

थोडा बाक रॉड सरळ करायच्या फ्रेममध्ये थंड असतानाच काढता येतो. थोडं पलीकडे वाकवून परत आणायचं, म्हणजे पोलाद पुन्हा जुन्या जागी जायला बघत नाही. गरम करून सरळ करणं हा रॉडचा खून आहे. फोर्जिंगनंतर दिलेली उष्णता-प्रक्रिया तिथेच संपते. सिलिंडरमध्ये पाणी शिरून इंजिन अडकलं असेल तर रॉड नुसता वाकत नाही, आखूडही होतो. अशा इंजिनातले सगळे रॉड दोन्ही भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजून एकमेकांशी ताडा. ते काढायला दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या आणि दोन्ही व्यासांची निम्मी मापं मिळवा. वेगळा निघाला तो सरळ करत बसू नका, बदला.

घासकाम

दांड्याच्या कडेला फोर्जिंगची खरबरीत रेघ आणि वर्षानुवर्षांचे पोचे, ओरखडे असतात. ते बेल्टने किंवा डाय ग्राइंडरवरच्या गोल पेपरने, आधी १२० ग्रिट मग २४०, नेहमी रॉडच्या लांबीच्या दिशेने घासा. आडव्या दिशेचा प्रत्येक चरा ओढ्याला काटकोनात येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. रस्त्यावर चालवायच्या इंजिनात आरशासारखं पॉलिश म्हणजे नुसता थाट. ओरखडे गेले, कडा मवाळ झाल्या की थांबा. बोल्टाच्या डोक्याच्या बैठकीला हात लावू नका.

शॉट पीनिंग करायचं तर घासकाम आणि सरळ करणं यांच्यानंतर. पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागावर दाब बसतो आणि तडा उघडायला कठीण जातं. दोन्ही भोकं, बोल्टांची भोकं आणि सांध्याची तोंडं झाकून घ्या. वाळूने ब्लास्ट करणं म्हणजे पीनिंग नव्हे. वाळू धार काढते आणि बोल्टाच्या भोकात लपून नंतर बेअरिंगमध्ये येते.

बोल्ट

जुने बोल्ट किती वेळा आणि कोणी कसले होते, हे कुणालाच सांगता येत नाही. नवे घ्या, नटही नवे. ज्या इंजिनाचे नवे बोल्ट मिळतच नाहीत, तिथे जुन्यांची तपासणी अशी: आटे स्वच्छ हवेत, नट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे, मधल्या भागाचा व्यास कुठे बारीक झालेला नसावा आणि मोकळी लांबी सगळ्यांची सारखी. कसून सोडल्यावर एखादा बोल्ट ०.०२५ मिमी, म्हणजे एक थाऊ, जरी लांब राहिला तरी तो ताणून गेलेला समजा.

नवा बोल्ट रॉडमध्ये दाबून बसवतात तेव्हा त्याचा खरबरीत दांडा भोकाला थोडं ढकलतो आणि बिग एंडचा आकार बदलतो. बोल्ट बदलले आणि होनिंग केलं नाही, ही चूक आम्ही सर्वांत जास्त पाहतो. बोल्टाचं डोकं बैठकीवर पूर्ण टेकलं आहे का ते ०.०३ मिमीच्या फीलरने बघा. एका बाजूला फट राहिली तर प्रत्येक फेरीला बोल्ट वाकतो आणि शेवटी डोक्याखाली तुटतो.

टॉर्क रेंचवर लावलेल्या जोरापैकी जवळपास नव्वद टक्के घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो एक दशांश. म्हणून आटे कोरडे, तेलाचे की मॉलिब्डेनमच्या पेस्टचे, यावर त्याच टॉर्कला बोल्टाचा ताण बराच बदलतो. मॅन्युअलमधला आकडा ज्या वंगणासाठी आहे तेच वापरा. बोल्टाची दोन्ही टोकं मोकळी असतील तर लांबी मोजत कसणं सर्वांत पक्कं: स्ट्रेच गेज शून्यावर लावायचा आणि बोल्ट बनवणाऱ्याने दिलेल्या लांबीपर्यंत ताणायचा. टॉर्क रेंचवर विसंबणार असाल तर नवे बोल्ट आधी दोनतीनदा कसून सोडा, आटे आणि बैठक जमून येतात.

बिग एंड

आता खरं माप. कॅप शेलशिवाय, नेहमीच्या वंगणासह पूर्ण टॉर्कला. बोअर गेज मास्टर रिंगवर किंवा मायक्रोमीटरवर शून्य करा. भोक तीन दिशांनी मोजा: रॉडच्या लांबीच्या रेषेत, आणि त्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साठ अंशांवर. सांध्यावर नेमकं मोजू नका, तिथे कड किंचित मोडलेली असते आणि आकडा फसवतो. हेच पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला, निमुळतेपणा पाहण्यासाठी. रॉड धुऊन, उन्हात वाळवून लगेच मोजू नका. ५० मिमीचं भोक गेजपेक्षा १० अंश सेल्सिअस जास्त गरम असलं तर ते जवळजवळ ६ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठं दिसतं आणि अनेक इंजिनांत एकूण सूटच अवघी १२-१३ मायक्रॉन असते.

भोक कंपनीच्या मापात असेल आणि लंबगोलपणा ५ ते ८ मायक्रॉनच्या आत असेल तर हात लावू नका. ०.०२५ मिमीला पोचला असेल तर काम करावंच लागतं. मधल्या आकड्यांना मॅन्युअल काय म्हणतं ते पाहा. आमचं मत, इंजिन उघडलंच आहे तर करून टाका.

पद्धत अशी. कॅपचं आणि रॉडचं सांध्याचं तोंड कॅप ग्राइंडरवर प्रत्येकी सुमारे ०.०५ मिमी घासायचं, म्हणजे भोक उभ्या दिशेने लहान होतं. मग बोल्ट कसून रॉड होनिंग मशीनवर ते मूळ मापाला गोल करायचं. तोंड भोकाच्या अक्षाला काटकोनात आणि सपाट असलं पाहिजे. निळा रंग लावून सपाट प्लेटवर फिरवलं की कळतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हाताने घासणारे बरेच आहेत. तोंडाच्या कडा त्यात गोल होतात, कॅप टेकते मध्यावर आणि डोलते. कानस तर विसराच. घासल्यावर तोंडाची कड दगडाने किंचित मोडा, नाहीतर तिथली बर (कडेला उरलेली धातूची धारदार कपची) शेलखाली शिरते.

होनिंग मशीनवर दोन रॉड शेजारी शेजारी चढवणारा कारागीर शोधा. जोडीने भोक सरळ राहतं आणि मध्येच रॉड उलटून परत फिरवले की निमुळतेपणाही जातो. माप मॅन्युअलच्या पट्ट्याच्या लहान अर्ध्यात ठेवा, शेलला पकड चांगली मिळते. पृष्ठभाग बारीक जाळीदार हवा, आरशासारखा नको. शेलची पाठ तिथे चिकटून राहायची आहे.

दोन गोष्टी घासल्यावर बदलतात. एक, केंद्रांतलं अंतर: एकूण जेवढं तोंड घासलं त्याच्या निम्म्याने रॉड आखूड होतो, ०.१ मिमी घासलं तर ०.०५. कॉम्प्रेशनला त्याचा फरक जाणवत नाही, पण चारही रॉड सारखे राहावेत म्हणून सगळे एकाच मापाने घासा. दुसरी, शेलच्या जिभेसाठी सांध्यात असलेली खाच उथळ होते. शेल ठेवून पाहा: जीभ खाचेच्या तळाला टेकत असेल तर शेल तिथे उचलला जातो. खाच जपून खोल करा.

हे सगळं कापलेल्या, घासलेल्या सपाट सांध्यासाठी. सांध्यावर दातेरी खाचा असलेले रॉड आणि नव्या इंजिनांतले तोडून विभागलेले रॉड असे घासता येत नाहीत. तिरप्या सांध्याचे रॉड, जसे बी.एम.सी.च्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ए मालिकेतल्या लहान बोअरच्या इंजिनांत आहेत, घासता येतात. पण तिथे कॅपचं बसणं डॉवेल किंवा बोल्टाच्या दांड्यावर अवलंबून असतं, म्हणून मशीनवर कोन लावणाऱ्याने ते काम आधी केलेलं असावं.

स्मॉल एंड

तीन प्रकार भेटतात आणि प्रत्येकाचं वागणं निराळं.

पहिला, ब्रॉन्झच्या बुशचा, ज्यात गजन पिन मोकळी फिरते. फोक्सवॅगन बीटलचे रॉड असे आहेत. जुनी बुश पायरीच्या ड्रिफ्टने प्रेसवर काढा. नवीला साधारण ०.०५ ते ०.०८ मिमी घट्टपणा लागतो. तेलाचं भोक रॉडच्या भोकाशी जुळवून दाबा, अर्धं झाकलं गेलं तर पिन कोरडी चालते. गुंडाळून केलेल्या बुशचा सांधा वर किंवा खाली, जिथे भार येतो तिथे, येऊ देऊ नका. दाबल्यावर बुश आतून थोड्या मोठ्या गोळीने किंवा रोलरने घोटून घ्या. पाठ भोकाला पूर्ण चिकटते आणि पुढे बुश सैल होत नाही. हे टाळून थेट रीमर घातलेल्या बुशा काही हजार किलोमीटरवर फिरू लागतात. मग बिग एंडचा आधार घेऊन, दोन्ही भोकं समांतर राहतील असं, बोअरिंग किंवा होनिंग. एखादा रॉड इतरांपेक्षा किंचित आखूड असेल तर तो फरक इथेच, बुशचं भोक थोडं वर सरकवून, भरून काढता येतो. हातातला रीमर तिरपा जातोच, पुढे मार्गदर्शक दांडा नसेल तर नकोच. पिनची ढिलाई ८ ते १५ मायक्रॉन. हाताला ती अशी कळते: २० अंश सेल्सिअसला, हलकं तेल लावून, पिन अंगठ्याने दाबली की सावकाश सरकते, पण उभी धरल्यावर आपल्या वजनाने घसरत नाही.

दुसरा, घट्ट पिनचा, ए मालिकेच्या १२७५ सी.सी. इंजिनासारखा. पिन रॉडमध्ये ०.०२ ते ०.०४ मिमीने घट्ट असते. घट्टपणा कमी पडला तर पिन सरकत जाऊन सिलिंडरला खोल खाच पाडते, म्हणून प्रत्येक भोक आणि प्रत्येक पिन मोजा. बसवताना स्मॉल एंड इलेक्ट्रिक हीटरने २२० ते २५० अंशांना तापवा. घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट गवती पिवळा रंग आला की तयार. निळा झाला तर जास्त झालं. पिन एका दमात, गेजच्या टेकूपर्यंत गेली पाहिजे. दोनतीन सेकंदांत रॉडने तिला गारठून पकडलं की मग प्रेसवर ढकलायची, आणि तेव्हा पिस्टन वाकतो. गॅसच्या ज्योतीने तापवणं नको.

तिसरा, क्लॅम्प बोल्टचा. ए मालिकेच्या ९४८ सी.सी. आणि बी मालिकेच्या जुन्या इंजिनांत स्मॉल एंड चिरलेला असतो आणि एक बोल्ट पिनला आवळून धरतो, पिनच्या मध्यावरच्या खाचेतून जातो. इथला नेहमीचा घोळ: रॉड शिकंजात धरून हा बोल्ट कसला जातो आणि नुकताच सरळ केलेला रॉड तिथेच पिळला जातो. दोन्ही बाजूंनी पिनमध्ये गोल डाट घालून डाट शिकंजात धरा, रॉड मोकळा लटकू द्या, मग बोल्ट कसा. बोल्ट आणि लॉक वॉशर नवेच. आवळल्यावरही पिन पिस्टनच्या कानांत मोकळी फिरली पाहिजे.

वजन जुळवणं

रॉडचं नुसतं एकूण वजन सारखं करून भागत नाही. बिग एंड क्रँकबरोबर गोल फिरतो आणि स्मॉल एंड पिस्टनबरोबर वरखाली होतो, म्हणून दोन टोकांची वजनं वेगवेगळी जुळवायची. स्मॉल एंड एका बारीक बेअरिंगवर टांगा, बिग एंड ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर टेकवा, दोन्ही केंद्रांची रेषा आडवी हवी. रॉड पाच-सहा वेळा उचलून ठेवा, आकडा तोच येतो का पाहा. मग रॉड उलटा करून स्मॉल एंड मोजा. दोन्हींची बेरीज एकूण वजनाइतकी आली पाहिजे: बिग एंड ४१२, स्मॉल एंड १८६, तर रॉड ५९८ ग्रॅम. बेरीज जमत नसेल तर मांडणी चुकली आहे, रॉड घासायला घेऊ नका.

सर्वांत हलक्या टोकाला बाकीची टोकं आणायची, कॅपच्या तळाच्या आणि स्मॉल एंडच्या डोक्यावरच्या गाठींतून धातू काढून. दांड्यातून किंवा बोल्टाच्या बैठकीजवळून नाही. एक ग्रॅमच्या आत आणा. मोठा फरक असेल तर जड घासकाम होनिंगच्या आधी उरकून घ्या आणि शेवटचा ग्रॅम नंतर, थांबत थांबत, कॅप गरम होऊ न देता. त्यानंतर भोक पुन्हा एकदा मोजा.

व्हाईट मेटलचे रॉड

फोर्ड मॉडेल ए किंवा १९५३ पर्यंतच्या शेवरोलेच्या बहुतेक सहा सिलिंडर इंजिनांत शेल नसतात, व्हाईट मेटल थेट रॉडमध्ये ओतलेलं असतं. चांगल्या मिश्रणात साधारण ८९ टक्के कथील, साडेसात टक्के अँटिमनी आणि साडेतीन टक्के तांबं. ते २४१ अंशांना वितळू लागतं, ३५४ ला पूर्ण द्रव होतं आणि ४२५ च्या सुमारास ओततात. सगळं यश कल्हईत असतं: रॉडचं भोक धातूपर्यंत स्वच्छ, फ्लक्स, कथिलाचा अखंड चकचकीत थर, आणि रॉड व साचा आधी तापवलेले. काळा ठिपका राहिला तर तिथे धातू धरत नाही आणि चालू इंजिनात पापुद्रा निघतो. गार झाल्यावर रॉड दोरीला टांगून हलकं ठोका. खणखणीत आवाज म्हणजे धातू धरला. भद्द आवाज आला तर परत ओता. नंतर पत्र्याच्या शिम्स घालूनच बोअर करा, म्हणजे पुढे झीज झाल्यावर एकेक काढता येते.

बसवताना

रॉड गरम साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुवा, होनिंगची धूळ केरोसिनने पूर्ण निघत नाही. भोक आणि शेलची पाठ कोरडी, तेल फक्त शेलच्या आतल्या अंगाला. शेल दोन बोटांनी दाबून बसवले की त्यांच्या कडा सांध्यापेक्षा किंचित वर दिसतात. तीच पकड. दोन्ही बोल्ट कसून एक सोडा: सांध्यात फट उघडली पाहिजे. उघडली नाही तर भोक मोठं आहे.

ढिलाई दोनदा तपासा. आधी मायक्रोमीटर आणि बोअर गेजने, शेल घालून कसलेल्या रॉडमध्ये. मग खात्रीसाठी प्लॅस्टिगेजने, म्हणजे चेपल्यावर रुंदीवरून ढिलाई दाखवणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या हिरव्या धाग्याने, जो ०.०२५ ते ०.०७६ मिमी दाखवतो. धागा कोरड्या जर्नलवर लांबीच्या दिशेने ठेवा, क्रँक अजिबात फिरवू नका. जर्नलच्या प्रत्येक २५ मिमी व्यासाला ०.०२५ मिमी हा जुना हिशेब पहिला अंदाज म्हणून ठीक, पक्का आकडा मॅन्युअलमधला. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद चेपला तर भोक किंवा जर्नल निमुळता आहे.

बोल्ट दोन-तीन टप्प्यांत कसा. प्रत्येक कॅपनंतर क्रँक एक फेरी फिरवा, जिथे जड लागला तो रॉड सापडला. बाजूची चाल फीलरने मोजा. कॉटर पिनचा नट असेल आणि खाच भोकासमोर येत नसेल, तर नट मागे फिरवून जुळवू नका. दुसरा नट लावून पाहा किंवा नटाचा तळ किंचित घासा, मग पुन्हा पूर्ण टॉर्क. लॉक पत्र्या आणि कॉटर पिना दर वेळी नव्या. आणि इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरवर तेलाचा दाब येईपर्यंत फिरवा, शेलवरचं बोटाने लावलेलं तेल पहिल्या काही सेकंदांपुरतंच असतं.